चमच्यावर थांबणारा रवा

आजीने वाटी वाकडी केली आणि अर्धा रवा बाळाच्या तोंडात जायच्या ऐवजी हनुवटीवरून गळ्यापर्यंत ओघळला. यवतमाळकडच्या एका गावातली अंगणवाडी, ओसरीवर टेकून बसलेल्या बायका, मांडीवर आडवं घातलेलं सात महिन्यांचं लेकरू. रवा निगुतीने केलेला होता. भाजल्याचा खमंग वास येत होता, साखर होती, वेलचीही होती. पण तो इतका पातळ होता, की बोंडल्याने पाजता आला असता. कुणीतरी तसं म्हटलंही. त्यावर आजी म्हणाली, "दाट कराले काय जाते वं माय, पन गयात अटकलं तं?" वाटी संपली, लेकरू पेंगलं, आणि तास उलटायच्या आत भुकेने कळवळून उठलं. आजीला कळेना, आत्ता तर वाटीभर खाल्लं होतं.

पोट भरलं होतं, पण पाण्याने.

ही गोष्ट मनातून जात नाही, कारण त्या आजीचं काहीच चुकीच्या हेतूने झालेलं नव्हतं. तिच्या हातात माया होती, घरात रवा होता, दुधाची सोय होती. फक्त भीतीपोटी तिने रव्यात पाणी वाढवलं होतं. विदर्भातल्या गावागावांत बाळाचा रवा, भाताची पेज, वरणाचं वरचं पाणी हे सगळं याच भीतीने पातळ होत जातं. सहा महिने पुरे झालेल्या बाळाचं पोट लहान असतं. किलोमागे साधारण ३० मिली मावतं, म्हणजे सात किलोच्या बाळाला एका वेळी फार तर २०० मिली. त्यातून सुरुवातीच्या महिन्यांत ते एका वेळी अर्धी वाटीच खातं. आईच्या दुधाव्यतिरिक्त सहा ते आठ महिन्यांच्या बाळाला वरच्या अन्नातून दिवसाला सुमारे २०० कॅलरी लागतात, नऊ ते अकरा महिन्यांत ३००, आणि वर्षानंतर साडेपाचशेच्या आसपास. आता ओसरीवरच्या त्या वाटीचा हिशेब करा. पेलाभर पाण्यात पोह्याचा एक चमचा रवा आणि छोटा चमचा साखर, म्हणजे सगळ्या मिळून पन्नास-पंचावन्न कॅलरी. अशा रव्याची अर्धी-अर्धी वाटी दोन वेळा दिली, तर दिवसाकाठी सत्तरच्या पुढे काही जात नाही. तेवढीच अर्धी वाटी, तीही दोनच वेळा, पण रवा घट्ट आणि त्यात तूप असेल, तर दोनशेचा आकडा गाठता येतो. बाळाने एक घासही जास्त खायची गरज नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात सहा ते तेवीस महिन्यांच्या बाळांपैकी पुरेसा आणि पुरेशा प्रकारांचा आहार मिळणारी बाळं देशभरात जेमतेम ११ टक्के निघाली. त्यामागे गरिबी आहे, आईला नसलेली सवड आहे. पण घरात रवा आणि तूप असूनही वाटीत पाणीच जास्त जातं, हे एक कारण तरी आपल्या हातातलं आहे.

मग घशात अडकण्याचं काय? ती भीती झटकून टाकायची नाही, तिचं उत्तर द्यायचं. अन्न अडकतं ते गुठळीमुळे, कच्च्या राहिलेल्या कणामुळे, आणि बाळाला आडवं घेऊन भरवल्यामुळे. पाय लांब करून त्यांवर बाळाला उताणं घालायचं आणि वाटीने तोंडात ओतायचं, ही जुनी रीत फक्त पातळ पदार्थालाच चालते, म्हणून पदार्थही पातळच राहतो. बाळाला मांडीवर पाठीला आधार देऊन ताठ बसवलं, चमचा खालच्या ओठावर टेकवला आणि ते स्वतःहून तोंड उघडेपर्यंत थांबलं, की निम्मी भीती तिथेच संपते. रडताना किंवा हसताना घास द्यायचा नाही. पहिले काही दिवस बाळ जिभेने घास बाहेर ढकलतं, थोडं ओकारल्यासारखं करतं. याचा अर्थ त्याला आवडलं नाही किंवा अडकलं असा नसतो, जीभ अजून शिकत असते. ओकारी आवाज करून येते आणि आपली आपण शमते. आवाजच बंद झाला, खोकलाही फुटेना, चेहरा काळानिळा पडू लागला, तर ते खरं अडकणं. तसं झालं तर बाळाला हातावर पालथं घेऊन, डोकं खाली ठेवून, पाठीवर खांद्यांच्या मधोमध तळव्याने पाच थापा मारायच्या आणि कुणाला तरी लगेच गाडी बघायला पाठवायचं. हे घरातल्या प्रत्येकाला माहीत असावं, रवा पातळ असो वा घट्ट.

आता रवा. बाजारातला बारीक रवा बाळासाठी बरा. जाड रवा उपम्याला छान, पण त्याच्या कणाचा गाभा शिजायला वेळ घेतो. बन्सीचा पिवळसर रवा कणखर असतो, त्याला पाणीही जास्त लागतं आणि वेळही, म्हणून तो बाळ वर्षाचं झाल्यावर. उन्हाळ्यात शेवयांसाठी गहू ओलवून घरी रवा काढतात, त्यातलाच मूठभर बाळासाठी बाजूला ठेवणारी घरं अजून आहेत. त्या रव्यात थोडा कोंडा आणि गव्हाचा अंकुर राहतो, चव आणि कस दोन्ही जास्त. पण अंकुरातल्या तेलामुळे तो लवकर खवट होतो, म्हणून महिनाभरातच संपवावा. वापरण्याआधी चिमूटभर रवा तळहातावर चोळून वास घ्या. खवट, ओलसर किंवा मातकट वास आला, कणांना कण चिकटून जाळी धरलेली दिसली, तर तो चाळून वापरायचा मोह नको. पावसाळ्यात हे फार होतं.

भाजणं हा या पदार्थाचा जीव आहे, आणि चुलीवर तेच सगळ्यात अवघड. आपल्याकडे चुलीत बहुतेकदा पऱ्हाट्या, म्हणजे कापसाच्या वाळक्या काड्या, असतात. पऱ्हाटी भडकन पेटते, जाळ उंच जातो, कढई दोन मिनिटांत तापते, आणि रवा वरून पांढरा दिसत असतानाच तळाशी करपतो. म्हणून कढई चढवण्याआधी चुलीतल्या काड्या मागे ओढून घ्याव्यात आणि निखाऱ्यावर भाजावं. जाड बुडाची कढई, एका वाटीहून जास्त रवा नाही, आणि उलथनं थांबू द्यायचं नाही. आठ ते दहा मिनिटं लागतात. गॅसवर भाजताना आच अगदी मंद ठेवली तरी वेळ तेवढाच. रंग बदलायची वाट पाहू नये. रवा हलका होतो, उलथन्यावरून सुटा सुटा घरंगळतो, कढईत सरसर वाजतो आणि कच्च्या पिठाचा वास जाऊन भाजक्या गव्हाचा येतो, तेव्हा उतरवायचा. उतरवल्यावर लगेच थाळीत पसरायचा, नाहीतर कढईच्या उष्णतेने तो आणखी भाजत राहतो. शिऱ्यासाठी आपण तांबूस भाजतो, बाळासाठी तसा नको. जास्त भाजलेला रवा नीट फुगत नाही, कितीही शिजवला तरी जिभेला कचकच लागते आणि मागे कडवट चव राहते. साठवायचा असेल तर कोरडाच भाजा. तुपात भाजून डबा भरला, तर आपल्या उन्हाळ्यात त्या तुपाला लवकरच वास येतो. कोरडा भाजलेला रवा पूर्ण गार करून घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात पंधरा-वीस दिवस उत्तम राहतो. पहिल्या महिना-दीड महिन्यासाठी हाच भाजलेला रवा खलबत्त्यात किंवा मिक्सरमध्ये थोडा आणखी बारीक करून घ्यावा.

गुठळ्या का होतात, हे एकदा समजलं की त्या होत नाहीत. उकळत्या पाण्यात कोरडा रवा पडला, की त्या ढेकळाच्या बाहेरच्या कणांतलं पिष्ट क्षणात फुगून चिकट होतं. साठ अंशांच्या पुढेच ते फुगायला लागतं आणि पाणी तर शंभरावर असतं. बाहेरचा थर चिकटला की आत पाणी जायची वाट बंद होते, आणि आतला रवा कोरडा तो कोरडाच. मोठ्यांच्या उपम्यात कण तेला-तुपात परतलेले असतात, म्हणून ते सुटे राहतात. बाळासाठी उपाय याहून सोपा आहे. भाजलेला रवा आधी गार पाण्यात दहा मिनिटं भिजवायचा. कण आतूनच ओला झाला की तो सारखा फुगतो आणि लवकर मऊ होतो.

माप असं. पोह्याच्या चमच्याने दोन चमचे, शीग भरून, म्हणजे साधारण २० ग्रॅम रवा. पाणी १५० मिली, म्हणजे पाऊण पेला. त्यातल्या अर्ध्या पाण्यात रवा भिजत घाला, उरलेलं पाणी छोट्या जाड पातेल्यात उकळू द्या. उकळी आली की आच कमी करून भिजलेला रवा पाण्यासकट त्यात सोडा आणि दुसऱ्या हाताने ढवळत राहा. दोन मिनिटांत तो धरायला लागेल. लोक इथेच फसतात, घट्ट झाला म्हणजे शिजला असं समजून उतरवतात. फुगणं आणि शिजणं वेगळं. झाकण ठेवून मंद आचेवर आणखी सात-आठ मिनिटं द्या, मधूनमधून तळापासून हलवा. मग एक कण अंगठा आणि तर्जनीमध्ये चिरडून बघा. मध्ये टोचलं तर अजून कच्चा आहे, चमचाभर गरम पाणी घालून आणखी शिजवा. तळ लागलाच तर खरवडू नका, वरचा रवा अलगद दुसऱ्या भांड्यात काढून घ्या.

दूध शेवटी. सुरुवातीपासून दुधात शिजवला, तर दूध तळाला लागतं, लागू नये म्हणून आपण घाईने उतरवतो, आणि रवा कच्चा राहतो. शिजलेल्या रव्यात दोन-तीन चमचे उकळलेलं दूध घालून एक चटका द्या. वर्षाच्या आत गाईचं-म्हशीचं दूध पेल्याने प्यायला द्यायचं नाही, पदार्थात घालायला एवढं चालतं. दूध नसेल तरी काही अडत नाही. तूप मात्र हवंच, या मापाला छोटा चमचा भरून, उतरवल्यावर घातलेलं. एवढ्याशा तुपात पंचेचाळीस कॅलरी असतात आणि वाटीचा आकार तसूभरही वाढत नाही. "लेकराले कफ होते" म्हणून तूप टाळणारी घरं आहेत. त्यांना मी कळकळीने सांगेन, घाला. तूप परवडत नसेल तर घरातलं गोडं तेल चमचाभर घाला, तेही तितकंच कामाचं.

दाटपणा ओळखायचा तो चमच्यावर. चमचा भरून उचला आणि तिरपा करा. रवा धार धरून पडला तर पातळ. थोडा थांबून, गोळ्यासारखा सावकाश घसरला तर बरोबर. ही परीक्षा गरम असताना घेऊ नका, कारण गार होताना पिष्ट आणखी आळतं. चुलीवर हवा तेवढा घट्ट केलेला रवा बाळाला देईपर्यंत वडीसारखा बसतो. म्हणून थोडा सैल असतानाच उतरवायचा. तरीही जास्त आळला, तर गार पाणी नको, उकळलेलं गरम पाणी चमच्या-चमच्याने घालून घोटायचा. अगदी पहिल्या आठवड्यात एक चमचा रव्याला १२० मिली पाणी ठीक आहे, दोन-तीन चमचे भरवायचे, दिवसातून दोनदा. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत वरच्या मापावर यायचं. गहू पहिल्यांदाच देताना सलग तीन दिवस दुसरं नवीन काही देऊ नका. अंगावर पुरळ, तोंडाभोवती सूज, सारख्या उलट्या दिसल्या तर थांबून डॉक्टरांना दाखवा.

दाटही हवं आणि बाळाला गिळायला सोपंही हवं, तर एक सुंदर उपाय आहे: मोडाच्या गव्हाचं पीठ. धान्याला मोड येताना त्यात पिष्ट तोडणारा एक घटक तयार होतो. ते पीठ चिमटीने घट्ट खिरीत मिसळलं, की पाणी न घालता खीर सैल पडते, आणि अन्न तेवढंच्या तेवढं राहतं. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात तारा गोपालदास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात यावर बरंच काम केलं. करायला अगदी घरगुती आहे. गहू रात्रभर भिजवा, ओल्या फडक्यात दीड-दोन दिवस मोड येऊ द्या, कडक उन्हात खडखडीत वाळवा, हाताने चोळून कोंब काढून टाका, तव्यावर अगदी हलकं परतून बारीक दळा. विदर्भातलं ऊन याच्या कामी येतं. बुरशीचा ठिपका दिसला तर सगळं फेकून द्या. घट्ट शिजलेला रवा उतरवून त्याची उकळती वाफ ओसरली, की अर्धा छोटा चमचा हे पीठ घालून पाच मिनिटं ढवळा. डोळ्यांदेखत सैल होतो. मग पुन्हा एक उकळी काढा, म्हणजे तो आणखी पातळ होत जाणार नाही. उकळत्या रव्यात घातलं तर मात्र काहीच होत नाही, कारण तो घटक उष्णतेने मरतो. आणि यासाठी ज्वारी वापरू नका. कोवळ्या ज्वारीने जनावरं दगावतात हे आपल्याकडे कुणालाही सांगावं लागत नाही. तेच विष ज्वारीच्या कोंबांत असतं.

गोडासाठी साखर नको, गूळही नको. गूळ पौष्टिक म्हणून आपण सढळ हाताने घालतो, पण बाळाच्या जिभेला दोन्ही सारखेच, आणि एकदा ती गोडी लागली की साधं वरण-भात पुढे केल्यावर तोंड फिरवलं जातं. पिकलेलं केळं कुस्करून, नाहीतर उकडलेलं लाल कोहळं, म्हणजे लाल भोपळा, घोटून घाला. लाल कोहळ्याने रंगही असा चढतो की बाळ वाटीकडे झेपावतं. मध तर वर्षाच्या आत बोटावरसुद्धा लावायचा नाही, त्यातून होणारी बाधा जिवावर बेतू शकते. मीठही वर्षापर्यंत नको. झोप लागावी म्हणून रव्यात जायफळ उगाळून घालतात, ते पूर्ण बंद करा. पोट नीट भरलेलं बाळ जायफळाशिवाय झोपतं.

एवढं करूनही रवा एकटा पुरत नाही. त्यात लोह फारच थोडं असतं, आणि सहा महिन्यांनंतर बाळाला त्याचीच उणीव सगळ्यात जास्त भासते. म्हणून दूध-केळ्याचा रवा एका दिवशी, तर दुसऱ्या दिवशी बिनदुधाचा, मुगाच्या किंवा तुरीच्या मऊ शिजलेल्या दाट वरणात घोटलेला. वरणाचं वरचं पाणी नाही, खालचा गाळ. त्यात मुनग्याचा, म्हणजे शेवग्याचा, कोवळा पाला चिमूटभर, बारीक करून शिजवलेला. घरात अंडं चालत असेल तर पूर्ण उकडलेलं, कुस्करून. वरणाच्या रव्यावर संत्र्याचा छोटा चमचाभर रस पिळला, तर डाळी-पाल्यातलं लोह अंगी लागायला मदत होते. वरुड-मोर्शी-काटोलच्या पट्ट्यात हिवाळ्यात संत्री घरोघरी असतात, तेव्हा हे सहज जमतं. हा रस दुधाच्या रव्यात मात्र घालू नका, दूध फाटतं. आठवड्यातून दोन-तीन दिवस रवा, बाकीचे दिवस मूग-तांदळाची मऊ खिचडी, ज्वारीच्या कण्या. रोज नुसता रवा-केळं दिलं तर बाळाला शौचाला खडा होतो.

कापूस वेचणीच्या दिवसांत आई उजाडायच्या आत स्वयंपाक उरकून शेतात जाते आणि बाळ आजीकडे किंवा थोरल्या बहिणीकडे राहतं. सकाळीच सगळ्या दिवसाचा रवा करून झाकून ठेवणं इथूनच सुरू होतं. तसं करू नका. शिजलेला रवा दोन तासांपलीकडे ठेवू नये, आणि पारा चाळीस-पंचेचाळीसवर असतो तेव्हा तासाभरापेक्षा जास्त नाही. त्यात वाढणारे काही जंतू असं विष सोडतात, की पुन्हा उकळूनही ते जात नाही. बाळाचा उष्टा चमचा बुडवलेल्या वाटीतला रवा थोड्या वेळाने पाण्यासारखा सुटतो, ते लाळेमुळे. तो परत द्यायचा नाही. त्यापेक्षा आईने जाताना मापाच्या पुड्या बांधून ठेवाव्यात: दोन चमचे भाजलेला रवा आणि चमचाभर भाजून दळलेली मुगाची डाळ. मागे राहणाऱ्या आजीला एवढंच सांगायचं, की अशी एक पुडी १८० मिली पाण्यात शिजवायची आणि वरून तूप. पाण्याच्या पेल्याला बाहेरून खूण करून ठेवली की चुकत नाही. भरवणाऱ्याचे हात आणि वाटी-चमचा साबणाने धुतलेले हवेत, बोंडलं नकोच, त्याच्या नळीत अन्न अडकून सडतं. भर उन्हाळ्यात दुपारी बाळ खात नाही, तेव्हा जबरदस्ती न करता सकाळी लवकर आणि दिवस कलल्यावर द्यावं. जुलाब लागले तरी खाणं आणि अंगावरचं दूध बंद करायचं नाही, जलसंजीवनी सोबत सुरू ठेवायची.

आठ-नऊ महिन्यांच्या पुढे रवा घोटणं हळूहळू कमी करायचं. कण जिभेला लागू दे, चावायची सवय तिथूनच लागते. दहा महिन्यांनंतरही सगळं गुळगुळीतच दिलं तर पुढे बाळ घास तोंडात धरून बसतं. नऊ महिन्यांपासून वेळा तीन-चार कराव्यात आणि पाण्याचं प्रमाण रव्याच्या चौपट-पाचपटीवर आणावं. वर्ष झालं की वेगळा रवा करायची गरजच उरत नाही. घरच्या सांज्यात तिखट-मीठ पडण्याआधी एक डाव बाजूला काढायचा, त्यात थोडं गरम पाणी घालून झाकण ठेवून आणखी पाच मिनिटं शिजवायचा, वरून तूप सोडायचं आणि बाळाची वाटी वेगळी वाढायची, म्हणजे त्याने किती खाल्लं ते कळतं.